कुंकवाखालचा दिवा

आमच्या कारखान्यातला सर्व्हर गप्प असला की त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तो ओरडायला लागला की सगळ्यांना माझी आठवण येते. त्या सकाळी सिल्वासातल्या आमलीच्या घरून मी स्कूटी काढली आणि गलोंड्याच्या फाट्यापर्यंत पोचायच्या आत तीन फोन आले. तिसरा लॅबमधल्या एका मुलीचा होता. म्हणाली, "मॅडम, तुमचं कपाट शिट्टी मारतंय."

मी तिला म्हटलं, "मारू दे, मी आले की गप्प बसवते." तेव्हा मला खरोखरच तसं वाटत होतं.

आमचा कारखाना सूत रंगवायचा. सर्व्हरसाठी वेगळी खोली द्यायला मालकांचं मन झालं नव्हतं, म्हणून रंगाच्या लॅबमध्येच एका कोपऱ्यात काचेचं पार्टिशन घालून मला जागा दिली होती. लॅबला एसी लागतोच, त्याच थंडाव्यात सर्व्हरही राहील, असा त्यांचा हिशेब. मी सुरुवातीला खूप धुसफुसले. पण त्या पार्टिशनमुळेच मला काका मिळाले.

काका म्हणजे आमचे डाईंग मास्टर. कुठल्या सुतावर कुठला रंग किती ग्रॅम टाकला की गिऱ्हाईकाने पाठवलेल्या नमुन्यासारखी शेड येईल, हे ठरवणारा माणूस. तरुणपणी धुळ्याकडून सिल्वासात आले आणि इथेच राहिले. मीही खानदेशातलीच, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला "कोणतं गाव?" विचारलं आणि उत्तर ऐकून दुसऱ्या दिवशी डब्यातून शेवेची भाजी आणली. तेव्हापासून काच मध्ये असली तरी आम्ही एकाच खोलीत काम करतो, असं मला वाटायचं.

काकांकडे वह्या होत्या. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या. प्रत्येक पानावर रंगवलेल्या सुताचा बोटभर तुकडा चिकटवलेला आणि त्याच्यासमोर काकांच्या तिरप्या अक्षरात प्रमाण, तापमान, किती वेळ, पाणी कुठलं. "बोअरच्या पाण्यात हा मरून रंग काळवंडतो" असले शेरे. या वह्या म्हणजे त्यांची उभी नोकरी. त्यातल्या अर्ध्या ओलीने फुगलेल्या, काहींना वाळवी लागलेली. मी त्यांच्या मागे लागले. दीड वर्ष रोज शिफ्ट सुटली की ते बोलायचे आणि मी टाइप करायचे. शेवटचं पान संपलं त्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "काका, आता या वह्या टाकून द्या. सगळं सर्व्हरमध्ये आहे."

त्यांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की."

दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना, पोरी?" मी चिडून म्हणाले, "किती वेळा सांगू?" मग त्यांनी त्या वह्या स्वतःच्या हाताने नेऊन बॉयलरच्या तोंडात घातल्या. काका असेच. ठरलं की ठरलं.

आता त्या सकाळकडे येते. आत गेले, आठ डिस्कचं ते काळं कपाट एकसुरी टीं-टीं करत होतं. स्क्रीनवर बघितलं. पाच नंबरची डिस्क गेली होती.

हे काही आकाश कोसळण्यासारखं नव्हतं. आठही डिस्कवर माहिती अशी वाटून ठेवलेली असते की एक गेली तरी उरलेल्या सात जणी मिळून तिचं काम ओढतात. भावंडांपैकी एक आजारी पडलं की बाकीच्यांनी घर चालवावं तसं. मात्र दुसरी गेली की संपलं, मग उरलेल्यांतली एकही कामाची राहत नाही. म्हणून मेलेली डिस्क लवकरात लवकर काढायची आणि नवी बसवायची. सर्व्हर बंद करायची गरज नसते, तो चालू असतानाच खणातून ओढायची. नवी डिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये चार वर्षांपासून पाकिटासकट तयार होती. ती खरेदी करायला लावताना मी मॅनेजर साहेबांशी भांडले होते, त्यामुळे त्या दिवशी पाकीट हातात घेताना मला जरा आनंदच झाला. शिट्टी बंद केली, बाह्या सरसावल्या.

काचेवर टकटक झाली. काका.

"काय झालं वं पोरी? कोण मेलं?"

"एक डिस्क मेली. आत्ता बदलते."

ते आत येऊन स्टुलावर बसले. उजव्या डोळ्याला अजून ऊन सहन होत नव्हतं म्हणून गडद चष्मा होता, तो त्यांनी कपाळावर सरकवला. दोन महिन्यांपूर्वी त्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, झकास झालं. काका म्हणाले, वाटोळं झालं. कारण त्यानंतर त्यांना सगळ्या रंगांत निळं दिसायला लागलं. पांढरं निळसर, पिवळं हिरवट. डावा डोळा एक सांगायचा आणि उजवा दुसरंच. ज्या डोळ्यांवर आयुष्यभर भाकरी खाल्ली, तेच आता आपसांत भांडायला लागले होते. दोन महिने त्यांनी एकाही शेडवर सही केली नव्हती. नमुना आला की "मशीनला दाखवा" म्हणून पुढे ढकलायचे. महिनाअखेरीस नोकरी सोडतो, असं त्यांनी साहेबांना सांगूनही टाकलं होतं.

"माझं सगळं दुसरीकडे पण ठेवेल आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. रोज रात्री कॉपी होते." मी म्हटलं आणि फुशारकी मारायला म्हणून त्यांना दाखवायला गेले. रात्रीच्या कॉपीची यादी उघडली. हजेरी, स्टोअर, डिस्पॅच, लॅब. लॅबसमोर हिरवी खूण, काल रात्रीची, यशस्वी. मी लॅबचं फोल्डर उघडलं.

रिकामं.

आधी वाटलं, चुकीचं उघडलं. परत उघडलं. मग हळूहळू डोक्यात शिरलं. तीन वर्षांपूर्वी रंगांच्या रेसिपीचा नवा प्रोग्राम आला तेव्हा मी काकांची सगळी माहिती नव्या जागी हलवली होती. कॉपीची यादी बदलायला विसरले. तेव्हापासून तो बिचारा संगणक रोज रात्री एका रिकाम्या फोल्डरची कॉपी करत होता आणि सकाळी इमानदारीने मला कळवत होता की काम यशस्वी झालं. आणि मी ती हिरवी खूण बघून चहाला जात होते. मी, जी दुसऱ्याच्या बारीकशा चुकीवर अख्खा मजला डोक्यावर घेते.

काका माझ्या मागे होते. त्यांना वाचायचा चष्मा वेगळा लागतो, तो खिशातच होता. त्यांना स्क्रीनवर फक्त हिरवी खूण दिसली असणार.

"ठेवेल आहे?"

"आहे," मी म्हणाले.

खोटं बोलले. ते का बोलले याचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही. भीती वाटली एवढं खरं. त्या वह्या माझ्या शब्दावर जळल्या होत्या. आणि आता ज्या डोळ्यांनी त्या शेड बसवल्या होत्या, ते डोळेही पूर्वीचे राहिले नव्हते. हे गेलं तर पुन्हा करणारं कुणी नव्हतं.

मग आधी कॉपी का घेतली नाही, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला तेच विचारलं. पण तो रेसिपीचा प्रोग्राम चालू असताना त्याच्या फाइलची कॉपी होत नाही, आणि तो बंद करायचा तर खाली रंगाचे चार पॉट चालू होते. पॉट म्हणजे सुताच्या रिळांनी भरलेले पोलादी हंडे, त्यांना पुढचा डोस किती द्यायचा हे तोच प्रोग्राम सांगतो. मध्येच थांबवला तर चारही लॉट डागाळणार. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "शाम पाँच बजे तक पॉट नहीं रुकेगा. आप डिस्क बदलो, चालू में बदलो."

पाचपर्यंत मेलेल्या डिस्कसह थांबायचं? या आठही एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच वयाच्या. एक गेली म्हणजे दुसरीची घटका कधी भरेल, सांगता येत नाही. नवी आत घातली तर लगेच सात जणींकडून माहिती गोळा करून भरायला लागेल. मी ठरवलं. आत्ताच.

कपाटाचं पुढचं जाळीचं दार उघडलं आणि माझा पारा चढला. आतल्या आठही खणांवर कुंकू. दसरा होऊन बरेच दिवस झाले होते, पण ते वाळून घट्ट बसलेलं होतं. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होते. बॉयलर, पॉट, जनरेटर, फोर्कलिफ्ट, काही सुटत नाही. त्या वेळी मी गावी गेले होते. परत आल्यावर बघते तर लॅब झाडणाऱ्या मावशींनी सर्व्हरचीही पूजा केलेली. झेंडूचं फूल वर, आणि प्रत्येक डिस्कला हळदकुंकू. तेही कुठे, तर नेमकं त्या इवल्याशा दिव्यावर, जो डिस्क ठीक असली की हिरवा असतो आणि बिघडली की पिवळा होतो. मावशी जवळच्या खेरडी गावच्या, गुजराती बोलणाऱ्या. मी तेव्हा ओरडले होते तर म्हणाल्या, "बेन, ए तो एनी आँख. आँख पर चांदलो नी करे तो क्यां करे?" यंत्राचा तो डोळा, त्याच्यावर टिळा लावायचा नाही तर कुठे? पुसायला निघाले तर हात धरला. पूजेचं पुसायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचं. मीही म्हटलं, जाऊ दे. नंबर तर खाली लिहिलेलेच आहेत. दिवा कशाला लागतो?

नंबर मीच लिहिले होते. छोट्या पांढऱ्या चिठ्ठ्या, माझ्या वळणदार अक्षरात, प्रत्येक खणाखाली एक. मी पाच नंबरची चिठ्ठी शोधली, त्या खणाच्या खटक्यावर अंगठा ठेवला.

"थांब," काका म्हणाले.

"काय?"

"तू एकटीच पाही राहिली. दुसरा डोळा कुठे?"

लॅबमध्ये काकांचा एक नियम होता. कितीही घाई असो, एका माणसाच्या नजरेवर शेड सोडायची नाही. दोघांनी बघायची आणि दोघांनी सही करायची. मुली त्यावरून त्यांची थट्टा करायच्या, की काका घरी भाजीत मीठही दोघांना चाखायला लावत असतील. मला त्या क्षणी त्या नियमाचा भयंकर कंटाळा आला. अंगठा खटक्यावर, आणि हे मध्येच.

"काका, हे रंगाचं काम नाही. नंबर लिहिलाय. पाच. बघा."

"नंबर मला कळत नाही. दिवा काय सांगतो?"

"दिव्यावर कुंकू आहे. सगळे सारखेच दिसतायत."

खरंच सारखे दिसत होते. आठ लालसर, मळकट ठिपके. काका स्टुलावरून उठले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि कपाटाच्या इतके जवळ गेले की त्यांचं नाक आता टेकेल असं मला वाटलं. उजवा डोळा मिटला, डाव्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. मान हलवली. काही नाही. मग डावा मिटला आणि उजवा, तो ऑपरेशनवाला, उघडला.

बराच वेळ गेला. मी पायाने जमीन आपटत होते.

"तू पकडेल आहे ती शेवाळी आहे," ते म्हणाले. "तिच्यात हिरवं आहे. या सगळ्या शेवाळी. ही एकच विटकरी." त्यांनी बोट ठेवलं. माझ्या अंगठ्याच्या उजवीकडच्या खणावर.

"त्याच्यावर कुंकू जास्त लागलं असेल."

"कुंकू जास्त लागलं तर गडद होईल, रंग नाही बदलणार. हिच्याखाली पिवळं आहे."

मी त्यांच्याशी वाद घालणार होते. तोंड उघडलंही होतं. पण हात मात्र खटक्यावरून मागे आला होता. रंगाच्या बाबतीत या माणसाशी वाद घालून मी कधीच जिंकले नव्हते, ही सवय असेल. संगणकाकडे गेले. त्यात एक सोय असते, हव्या त्या डिस्कचा दिवा उघडझाप करवता येतो. मला ती ठाऊक होती. शिकलेल्या कुणीही ती आधी वापरायची. पण चिठ्ठ्या मी लिहिलेल्या, मग मला कशाला लागते? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा.

पाच नंबर निवडला, बटण दाबलं.

कुंकवाखाली एक ठिपका उघडझाप करायला लागला. काकांचं बोट होतं, तोच.

मी खुर्चीत बसले. त्या खणाखाली माझ्याच अक्षरात सहा लिहिलं होतं. मग सगळ्या चिठ्ठ्या डावीकडून नीट वाचल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात आणि शेवटी शून्य. सर्व्हर शून्यापासून मोजतो. मी लावल्या तेव्हा शून्य सगळ्यात आधी होतं.

मी दारातून मावशींना हाक मारली, आणि त्या हाकेचा सूर काही चांगला नव्हता. त्या पोछा हातात घेऊनच आल्या. मी चिठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. त्यांनी सरळ सांगून टाकलं. पूजेच्या आधी ओल्या फडक्याने पुसलं, तेव्हा सगळ्या सुटून खाली पडल्या. त्यांनी त्या खिडकीत वाळवल्या, खळ लावली आणि परत चिकटवल्या, ओळीने.

"पण शून्य शेवटी का लावलं?"

मावशींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू शिकलेली बाई म्हणजे हीच का. "शून्य तो छेल्ले ज आवे ने, बेन. फोनमां बी छेल्ले छे." फोनवर शून्य नऊच्या नंतर येतं. शून्यापासून मोजायला कोण सुरुवात करतं?

ओरडायला घेतलेला श्वास मी तसाच सोडून दिला. पडलेल्या चिठ्ठ्या कचऱ्यात न टाकता त्या बाईने वाळवून लावल्या होत्या. शून्य आधी का येतं हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि परत आल्यावर चिठ्ठ्या वाचल्याही नव्हत्या. तिने हे एकदाच केलं होतं. मी तीन वर्षं रोज रिकामी कॉपी बघत होते.

"मावशी, ओलं फडकं द्या," मी म्हटलं. "आणि हे कुंकू आता तुम्हीच पुसा. माझ्या हातून नको."

त्यांनी पुसलं. पुसायच्या आधी एकदा हात जोडले. आठ दिवे स्वच्छ दिसू लागले, सात हिरवे आणि एक पिवळा. काकांनी पुन्हा बघितलं, मी बघितलं, आणि मावशींनीही बघितलं. मग मी खटका दाबला, डिस्क इंचभर बाहेर ओढली आणि आतलं चक्र थांबेपर्यंत तशीच धरून ठेवली. बाजूचे सात हिरवे दिवे लुकलुकत होते. खाली पॉट चालूच होते, त्यांची घरघर पायाला जाणवत होती. डिस्क पूर्ण बाहेर काढली, चौकटीचे चार स्क्रू सोडवले, नवी बसवली आणि खणात सरकवली. खट्. स्क्रीनवर आलं: पुनर्बांधणी, शून्य टक्के.

मावशी म्हणाल्या, "जुओ, अहीं शून्य पेलां आव्युं." बघा, इथे शून्य पहिलं आलं. काका असे हसले की त्यांचा कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

पुढचे आठ तास मी त्या खुर्चीतून फारशी हलले नाही. टक्के मुंगीच्या पावलांनी वाढतात. अठरा. एकोणीस. मध्येच बराच वेळ एकोणीसच. सातातली एखादी आत्ता गेली तर, हे मनातून निघत नव्हतं. प्रत्येक टक्क्याला वाटायचं, अजून थोडं, अजून थोडं. मी देवभोळी नाही, पण त्या दिवशी मधल्या दोन-तीन तासांत मी ज्या ज्या देवांना आठवलं त्यांची यादी केली तर माझ्या आईला आनंद होईल. काका काचेपलीकडे आपलं काम करत होते. दुपारी एकला त्यांनी डबा उघडला आणि शांतपणे जेवले. दर थोड्या वेळाने काचेजवळ येऊन बोटांनी विचारायचे, किती? मी बोटांनी सांगायचे.

चारच्या सुमारास खालून एका लॉटचा नमुना आला, मोरपंखी शेडचा. लॅबमधली मुलगी सवयीने तो मशीनकडे घेऊन निघाली. काका म्हणाले, "इकडे आण."

ती थबकली. मीही काचेतून बघायला लागले. त्यांनी सुताची ती गुंडी आणि गिऱ्हाईकाचा नमुना शेजारी शेजारी धरला, उत्तरेच्या खिडकीपाशी गेले. डावा डोळा मिटला. उजव्याने बघितलं. मग दोन्ही उघडून बघितलं. मग पुन्हा उजव्याने. मान डोलावली आणि पलीकडून मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "हा डोळा खोटा नाही रे. तो खरं सांगी राहिला. खोटं तर जुना सांगत होता, इतकी वर्षं पिवळ्या काचेतून पाहून." आणि त्यांनी सही केली. मुलीने शेजारी आपली केली. मला भरून आलं. मी स्क्रीनकडे तोंड वळवलं, तिथे एक्क्याण्णव होते.

साडेपाचला शंभर झाले. पॉट थांबले होते. मी प्रोग्राम बंद केला, काकांची सगळी माहिती आधी एका बाहेरच्या डिस्कवर घेतली, मग दुसऱ्या. यादी दुरुस्त केली. एकेक कॉपी उघडून बघितली, खरंच आत काही आहे का. सुताच्या रंगांची हजारो नावं आत होती. "बोअरच्या पाण्यात हा मरून रंग काळवंडतो," हेसुद्धा.

बाहेर पडले तेव्हा काका गेटपाशी बसची वाट बघत उभे होते. मी स्कूटी थांबवली. घरी जाऊन, उद्या सांगू, असं मन म्हणत होतं. पण उद्या सांगितलं नसतं, हे मला माझ्याबद्दल ठाऊक आहे.

"काका, सकाळी मी खोटं बोलले. दुसरीकडे काही नव्हतं. कॉपी होतच नव्हती, तीन वर्षं. माझी चूक. चुकीचा खण ओढला असता तर तुमचं सगळं गेलं असतं."

रस्त्यावरून सुताच्या पेट्या लादलेला एक टेम्पो गेला, त्याची धूळ त्यांनी चष्म्यावरून सदऱ्याने पुसली. त्यांनी रागवावं असं मला मनापासून वाटत होतं.

"मला दुपारीच समजलं," ते म्हणाले.

"कसं?"

"तू जेवली नाहीस. दुसरीकडे ठेवेल असतं तर जेवली असतीस."

"मग तुम्ही? तुम्ही कसे जेवलात? समजलं होतं तरी?"

"तू उपाशी बसली होतीस ना त्याच्यासमोर," काका म्हणाले. "म्हणून मी जेवलो."

मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. त्यात फडक्यात गुंडाळलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी आणि ठेचा होता. "ही तुझी. दुपारपासून वाट पाही राहिलो, कधी खरं बोलशील." मी तिथेच, स्कूटीवर बसून, हात न धुता ती खाल्ली. त्यांची बस आली तेव्हा त्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, की उद्या साहेबांकडे जायचं आहे, नोकरी सोडतो म्हटलं होतं ते परत घ्यायला, आणि सोबत दुसरा माणूस लागेल.